खाजणातली शीव

गावाची हद्द म्हणजे शीव. मुंबईकरांच्या तोंडी हा शब्द आता फक्त रेल्वे स्टेशनच्या नावापुरता उरला आहे. ज्याला इंग्रजांनी सायन केले ते शीव म्हणजे मुंबई बेटाची शीव. तिथे बेट संपायचे आणि खाडीपलीकडे साष्टी सुरू व्हायची. साष्टी हा षट्षष्टीचा अपभ्रंश, म्हणजे सहासष्ट गावांचा मुलूख. या गावांच्याही आपापल्या शिवा होत्या, आणि शिवा म्हटल्या की त्यांच्यावर दगड आले. वांद्र्यापासून दहिसरपर्यंत आज जिथे एका इमारतीची भिंत दुसरीला टेकलेली दिसते, तिथे एकेकाळी दोन गावांच्या मधे मोकळे रान होते आणि त्या रानात एखादा दगड उभा होता, हे सांगितले तर नव्या पिढीला खरे वाटत नाही.

माझी सारी नोकरी जमीन मोजण्यात गेली. साखळी, शंकू, फळी, पुढे दुर्बिणीची यंत्रे, अगदी शेवटी उपग्रहाशी बोलणारी यंत्रे, हे सगळे हातून गेले. निवृत्तीनंतर माणसे तीर्थयात्रेला जातात. मी जुन्या हद्दीच्या खुणा पाहत हिंडतो. घरच्यांनी त्याबद्दल बोलणे आता सोडून दिले आहे. गेल्या हिवाळ्यात अशीच एक खूण शोधायला मी जुहूच्या दक्षिणेकडच्या खाजणात गेलो होतो. त्याविषयी सांगायचे आहे, पण आधी जुहूची गंमत सांगायला हवी.

जुहू म्हटले की चौपाटी, भेळ आणि नटनट्यांचे बंगले डोळ्यांपुढे येतात. पण एकोणिसाव्या शतकापर्यंत जुहू हे बेट होते. साष्टीच्या पश्चिम किनाऱ्याला लागून वाळूचा एक लांबट, अरुंद पट्टा, समुद्रापेक्षा जेमतेम मीटर-दोन मीटर उंच. पोर्तुगीज त्याला जुवें म्हणत. उत्तरेच्या टोकाला भंडारी, आगरी आणि कुणबी यांची वस्ती, दक्षिणेच्या टोकाला कोळीवाडा. मधल्या खाडीतून ओहोटीच्या वेळी चालत जाता येई, भरती आली की वाट बंद. जमशेटजी टाटांनी १८९०च्या दशकात इथे जमीन घेतली. बाराशे एकर जागा सुधारून पाचशे भूखंड पाडायचे, समुद्रकाठी विश्रामस्थान उभारायचे, असा त्यांचा बेत होता. १९०४मध्ये ते गेले आणि बेत बारगळला. १९२८मध्ये विमानतळ आला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले ते याच मैदानावर. पावसाळ्यात मात्र मैदानाचा चिखल होई आणि टाटांच्या विमानांना चार महिने पुण्याला मुक्काम हलवावा लागे. जमीन जमीन म्हणतात ती मुळात खाजण होती, हे समुद्र दरवर्षी आठवण करून देत असे.

आता प्रश्न असा की दिवसातून दोनदा जे बेट होते आणि दोनदा बेट राहत नाही, त्याची हद्द कुठे धरायची?

आपल्याकडे जमीन मोजणीची शिस्तशीर सुरुवात झाली ती १८३६मध्ये इंदापूर तालुक्यात, गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली. त्यांनी ठरवलेली रीत पुढे सगळ्या मुंबई इलाख्यात गेली. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तो गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. रुपयाचे आणे जाऊन कित्येक वर्षे झाली, पण आमच्या खात्यातल्या जुन्या टिपणांत ते अजून जिवंत आहेत. टिपण म्हणजे मोजणीदाराने जागेवर उभे राहून काढलेले कच्चे रेखाटन. कुठून कुठवर किती साखळ्या, किती आणे, कुठे बांध वळला, कुठे दगड रोवला, हे सगळे त्यात येते. रेडिओवर नकाशा दाखवता येत नाही, म्हणून एवढेच सांगतो की नकाशा हा टिपणाचा मुलगा आहे. वाद झाला की आम्ही मुलाला बाजूला ठेवून बापाला विचारतो.

पण टिपण कागदावर असते, जमिनीवर असतो तो दगड. दगड जागेवर असेल तर शहाण्या माणसांचे भांडण तासाभरात मिटते. नसेल तर तीन पिढ्या कोर्टात जातात. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ या कायद्यात हद्दीच्या खुणांसाठी वेगळी कलमे आहेत. खूण जपण्याची जबाबदारी जमीनधारकावर आहे आणि जाणूनबुजून ती हलवणे हा गुन्हा आहे.

ही काळजी इंग्रजांनी आणली असे समजू नये. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात शिवेच्या वादांचे मोठे प्रकरण आहे. त्या ग्रंथाबद्दल माझे मत चांगले नाही, पण या प्रकरणात एक अस्सल मोजणीदार दडलेला आहे. शिवेचा वाद ज्येष्ठ महिन्यात सोडवावा, कारण तेव्हा रान वाळलेले असते आणि खुणा उघड्या पडतात, असे तो सांगतो. शिवेवर वड, पिंपळ, ताड अशी झाडे लावावीत म्हणतो. आणि पुढे म्हणतो की दिसणाऱ्या खुणांवर विसंबू नका, जमिनीच्या पोटात कोळसा, राख, विटा, खापऱ्या, खडे, हाडे असे न कुजणारे पदार्थ पुरून ठेवा. वरचा दगड कोणी रात्रीत हलवील, पण पोटातला कोळसा हलवायला त्याला मुळात ठाऊक असावा लागतो.

कोकणात शिलाहार राजांच्या काळात याहून उघडा उपाय होता. गधेगाळ. दगडावर सूर्य आणि चंद्र कोरायचे, मधे दानाचा मजकूर, आणि खाली गाढवाचे चित्र असलेली शिवी. हे दान चंद्रसूर्य असेपर्यंत चालेल, जो मोडील त्याच्या घरच्या बाईची विटंबना होईल, असा त्याचा रोख. शिवी बाईला का, हा प्रश्न आज विचारावा लागतो. गुन्हा करणारा पुरुष आणि शिक्षा घरच्या बाईला, हा न्याय दगडावर कोरून ठेवलेला आहे. परळला सापडलेल्या, शिलाहार राजा अपरादित्याच्या शके ११०८च्या शिलालेखात साष्टीतल्या एका वाडीच्या उत्पन्नाचे दान नोंदले आहे आणि शेवटी हीच शिवी आहे. गावोगावी असे दगड लोकांनी पुढे देव समजून शेंदूर फासून पुजले. एका परीने बरे झाले, दगड टिकले.

खाजणात मात्र शेंदूर टिकत नाही आणि पिंपळही उगवत नाही.

मी ज्या दगडाच्या शोधात होतो तो कुठल्या राजाचा नव्हता. जुन्या गावनकाशावर जुहूच्या शिवेवर, खाडीकडच्या वळणाला खूण दाखवलेली होती, तेवढीच. आज तो भाग कांदळवनात येतो, म्हणून वनखात्याची रीतसर परवानगी काढली. सोबत जुहू कोळीवाड्यातले एक वयस्कर तांडेल आले. दिवस त्यांनीच ठरवला. मला वाटत होते की अमावास्येची मोठी ओहोटी बरी. ते म्हणाले, "साहेब, उधाणाला पाणी जातं लांब, पण येतं पण तेवढंच आत. भांगाला चला. भांगाचं पाणी वरच्या तिवरांत चढतच नाय." भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासचे दिवस, जेव्हा भरतीही लहान आणि ओहोटीही लहान. खाजणाची वरची अंगे तेव्हा चार दिवस तरी पाण्याबाहेर असतात आणि चिखलाला जरा कड येते.

कड येते म्हणजे गुडघ्याऐवजी पोटरीपर्यंत पाय जातो. मुंबईच्या मधोमध, जिथून विमाने दर दोन-तीन मिनिटांनी डोक्यावरून जाताना ऐकू येतात, तिथे इतके दाट रान असेल असे रस्त्यावरून वाटत नाही. मुख्य झाड तिवर. त्याची मुळे जमिनीतून पेन्सिलीसारखी वर उभी राहतात, शेकड्यांनी. चिखलात हवा नाही, म्हणून ही मुळे वर येऊन श्वास घेतात. पानाची मागची बाजू जिभेला लावली तर खारट लागते, कारण जास्तीचे मीठ झाड पानांतून बाहेर टाकते. कडेने मारांडीची काटेरी झुडपे. त्यांतून वाट काढताना पॅन्टचे काय होते ते सांगत नाही. चिखलावर निवट्या उड्या मारत होत्या, आणि नर खेकडे एकच मोठा आकडा उंचावून एकमेकांना हद्दी दाखवत होते. आम्हा मोजणीदारांचे खरे जातभाई तेच.

शंभर पावलांना आम्हाला पाऊण तास लागला. अशा रानात टेप सरळ धरता येत नाही. मोबाइलमधला जीपीएस चार-पाच मीटरपर्यंतच खरे सांगतो, आणि झाडीखाली तेवढेही नाही. पण शोधायचे वर्तुळ त्याने लहान होते. त्यानंतर जुनी विद्या, लोखंडी सळई. चिखलात हातभर अंतराने सळई खुपसत जायचे. मूळ लागले तर हाताला लवचीक लागते, शिंपला लागला तर करकरते, दगड लागला की थेट कोपरापर्यंत झणका येतो.

तांडेलांनी सळईशिवायच दगड काढला. दोन तिवरांच्या मधे चिखलातून वीतभर वर आलेला, कालवांनी माखलेला एक काळा ठोकळा त्यांनी पायाने चाचपला आणि म्हणाले, "ह्यो घडीव हाय. समुद्राचा नाय." सुरीने कालवे खरवडली. माथा सपाट होता आणि त्यावर छिन्नीने मारलेली फुली. टिपणाशी ताळा करायला दोन पक्क्या ठिकाणांपासूनची अंतरे आम्ही वळसा घालून मोजली. साखळीच्या आण्यात बसण्याइतकी जुळली. फोटो काढला, पण फोटोत तो कोणाही धोंड्यासारखा दिसतो.

हा दगड सापडून काय मिळाले, असे मला मुलाने विचारले. जुहूची शीव आता कुठल्या ग्रामपंचायतीच्या कामाची नाही. १९५०मध्ये मुंबई महापालिकेची हद्द अंधेरी-जोगेश्वरीपर्यंत गेली, १९५७मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत, आणि गावांच्या शिवा कागदात निजल्या. पण या दगडाच्या दोन्ही अंगांना आज दुसरीच एक हद्द भांडणात आहे.

१९ फेब्रुवारी १९९१ रोजी केंद्र सरकारने सागरी किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची पहिली अधिसूचना काढली. तिचा आधार भरतीरेषा. उधाणाचे पाणी जिथवर चढते ती रेषा, आणि तिथून पुढची अंतरे. म्हणजे बांधकामाचा हक्क समुद्र ठरवणार. वाळूच्या किनाऱ्यावर ही रेषा आपल्या पूर्वजांना ठाऊक होती. भरतीच्या वर जांभळ्या फुलांची जी वेल पसरते तिचे नावच मर्यादवेल. मग २६ जुलै २००५ आला. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि पाण्याला जायला जागा कुठे ठेवली आहे हे मुंबईने पहिल्यांदा मोजून पाहिले. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांच्या तोडीवर राज्यभर बंदी घातली आणि त्यांच्याभोवती पन्नास मीटरचा पट्टा मोकळा ठेवायला सांगितले. सरकारी जमिनीवरची कांदळवने वन म्हणून जाहीर होऊ लागली. २०१२मध्ये वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष निघाला. १७ सप्टेंबर २०१८च्या अंतिम निकालात ही बंदी कायम झाली, आणि सार्वजनिक कामासाठी तोड करायची तरी न्यायालयात जावे लागते.

निकाल चांगला आहे. पण पन्नास मीटर मोजायचे कुठून? तिवरांच्या कडेपासून. आणि ती कड हलवता येते. रात्री डेब्रिजचे दहा ट्रक रिकामे केले की तेवढ्या भागात भरतीचे पाणी चढत नाही. पाणी नाही म्हणजे मुळांचे काम संपले, दोन-तीन वर्षांत तिवरे वाळतात. मग कोणीतरी येऊन सांगतो, इथे कांदळवन कुठे आहे? सुकलेले रान दाखवायला त्याला सोपे जाते. हद्दीचा दगड हलवला तर गुन्हा आहे हे सगळ्यांना कळते. इथे दगड हलवायची गरजच पडत नाही, जमीनच त्याच्याकडे सरकवली जाते. ट्रक कोणाचे, हे मी पाहिलेले नाही, त्यामुळे नाव घेत नाही.

म्हणून जुना दगड कामाचा. तो झाडासारखा वाळत नाही. तिवरांची कड कालपरवा कुठे होती हे उपग्रहाची छायाचित्रे सांगतील, पण सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीचा मोजणीदार इथे खाजण पाहून गेला हे सांगणारा जमिनीवरचा साक्षीदार हाच. जुहूसारख्या कोळीवाड्यांनाही त्याचे मोल आहे. कोळीवाड्यांच्या सीमांकनाचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला, कारण जाळी सुकवायची जागा, होड्या ओढायची जागा कुठल्याच सातबाऱ्यावर नीट उतरलेली नसते. तांडेल म्हणाले, त्यांच्या लहानपणी या दगडापाशी चिंबोऱ्या धरायला पोरे यायची आणि त्याला 'सरकारी' म्हणायची. "सरकारीच्या पुढं जाऊ नको, पानी भरंल," असे आई सांगायची.

परतताना आम्ही दगडापासून भरावाच्या जवळच्या कडेपर्यंतचे अंतर मोजले. सरळ रेषेत बेचाळीस पावले. तारीख, तिथी आणि वेळ घालून ते टिपणाच्या रीतीने वहीत उतरवले, खाली तांडेलांनी साक्षीदार म्हणून सही केली. एक प्रत टपालाने वनखात्याकडे पाठवली आहे. पावसाळा संपल्यावरचा पहिला भांग बघून तांडेल दिवस कळवणार आहेत.