पाठ टेकली म्हणून काय झालं?

'आई, येतेस का आज माझ्या क्लासला?' लेकीनं विचारलं आणि मी लगेच साडी बदलून तयार झाले. गेल्या उन्हाळ्यात तीन महिने तिच्याकडे लॉस एंजेलिसला होते. नोकरी, घर, सहा वर्षांचा मुलगा. तिचा सगळा दिवस घड्याळाला बांधलेला. तरी सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी जावई कुकर लावतात आणि ही पिशवी खांद्याला अडकवून बाहेर पडते. योगासनं असतील, नाहीतर नाच असेल, असं मी धरून चालले होते.

जाऊन पाहते तो काय! मोठी थोरली खोली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाड मॅट. लेकीनं मंगळसूत्र आणि अंगठी काढून डबीत ठेवली, डबी माझ्या हातात दिली आणि आत गेली. पाच मिनिटांनी बघते, तर ती उताणी पडलेली आणि शंभर किलोचा एक धिप्पाड गृहस्थ तिच्या पायांच्या मधे गुडघे टेकून तिच्यावर वाकलेला! माझ्या पोटात गोळाच आला. मी उठून चपला शोधायला लागले, तेवढ्यात त्या गृहस्थानं तिच्या मांडीवर दोनदा पटपट थोपटलं. लेकीनं पाय काढून घेतला, दोघं हसत उठून बसली. तो गळा चोळत होता! हिनं त्याचा गळा धरला होता तो हातानं नव्हे, स्वतःच्या नडगीनं.

घरी येताना ती म्हणाली, 'हे सासूबाईंना सांगू नकोस हं.' मी कसली सांगतेय! मलाच अजून पचलं नव्हतं.

खाली असणं म्हणजे हरणं नव्हे

आपल्याकडच्या कुस्तीत पाठ टेकली की खेळ संपला. कोल्हापूरच्या तांबड्या मातीत चीत झालेला मल्ल मुकाट्यानं उठून जातो. ब्राझिलियन जिउ-जित्सूत मात्र पाठ टेकल्यावरच खरी मजा सुरू होते. वरच्या माणसाला दोन पायांच्या कैचीत धरून ठेवायचं, याला म्हणतात 'गार्ड'. हिशेब अगदी साधा आहे. बाईचे हात पुरुषाच्या हातांपुढे कमी पडतील. पण तिच्या कमरेचा आणि दोन्ही पायांचा जोर एकवटला, तर त्याला नुसत्या हातांनी सुटून जाणं सोपं नसतं.

ही विद्या मूळची जपानची. १८८२ साली जिगोरो कानो यांनी ज्यूदोची शाळा काढली. त्यांच्या परंपरेतले मित्सुयो माएदा १९१४ साली ब्राझीलला पोचले आणि पुढे बेलेंम शहरात राहिले. त्यांच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकले, आणि मग त्यांचे भाऊ. धाकटे हेलिओ अंगानं किरकोळ. ताकदीच्या जागी तरफ आणि घाईच्या जागी धीर, ही त्या घराण्याची शिकवण रिओतून जगभर गेली.

पण मैत्रिणींनो, किरकोळ अंगाच्यांसाठी एवढी सोयीची विद्या, ती बायकांच्या वाट्याला लवकर आली असेल असं तुम्हांला वाटेल. छे! १९४१ साली ब्राझीलच्या सरकारनं हुकूम काढला की, स्त्रीच्या प्रकृतीला न मानवणारे खेळ बायकांनी खेळू नयेत. १९६५ साली तर यादीच केली. फुटबॉलच्या जोडीला झुंजीचे सगळे प्रकार त्यात होते. १९७९ साली ही बंदी उठली. त्या वर्षी उरुग्वेतल्या ज्यूदो स्पर्धेला काही ब्राझिलियन मुलींना कागदोपत्री पुरुषांची नावं देऊन पाठवावं लागलं होतं! जिउ-जित्सूचा काळा पट्टा मिळवणारी पहिली स्त्री म्हणून इव्होन दुआर्ते यांचं नाव घेतात. तो मिळाला १९९० साली. जागतिक स्पर्धा १९९६ला सुरू झाल्या, त्यांत बायका उतरल्या १९९८ला.

हे वाचलं आणि त्या डबीतल्या मंगळसूत्राकडे मी जरा निराळ्या नजरेनं पाहू लागले.

अस्वलावर प्रात्यक्षिक

लेकीच्या त्या डावाचं नाव 'गोगोप्लाता'. नाव ऐकून मला आधी हसूच आलं. रविवारी नातवाचं मोठं कापसाचं अस्वल मधे घेऊन तिनं तो मला दाखवला. समजला तसा सांगते.

पहिली गोष्ट, वरच्या माणसाला ताठ होऊ द्यायचं नाही. तो पाठ सरळ करून बसला की आपले पाय काही करू शकत नाहीत. म्हणून त्याची मान आणि बाही धरून त्याला आपल्या छातीशी ओढून घ्यायचं. मग त्याचा उजवा हात जमिनीवर टेकायला लावायचा. आता आपला डावा पाय त्याच्या उजव्या खांद्यावरून वर, पार पाठीपर्यंत चढवायचा आणि उजव्या हातानं आपलाच घोटा धरून ठेवायचा. पाय रबरासारखा वळतो म्हणून या पकडीला 'रबर गार्ड' म्हणतात. जाकिटाशिवायच्या कुस्तीत ती लोकप्रिय केली लॉस एंजेलिसच्याच एडी ब्राव्हो यांनी.

इथं थांबायचं. हेच नव्यांना जमत नाही. पकड न सोडता श्वास घ्यायचा. वरचा माणूस सुटायला धडपडतो, डोकं इकडेतिकडे करतो, आणि त्याच्या चेहऱ्यासमोर जागा होते. त्या जागेतून आपलं पाऊल अलगद पलीकडे सरकवायचं, की नडगी बरोबर त्याच्या हनुवटीखाली आडवी येते. एका हातानं स्वतःचा चवडा धरायचा, दुसरा हात त्याच्या मानेमागून आणून दोन्ही हात गुंतवायचे. उजवा पाय त्याच्या पाठीवर ठेवायचा, म्हणजे त्याला उठता येत नाही. आता त्याचं डोकं खाली ओढायचं आणि आपली कंबर किंचित वर उचलायची. झालं! पुढून नडगी, मागून हात. विळी आणि ठोकळा यांच्यामधे सापडल्यासारखी गत.

आणि तो निसटलाच तर? पाय खांद्यावरच असल्यामुळे त्याच हाताला 'ओमोप्लाता' नावाचा दुसरा पेच बसतो. या शब्दाचा पोर्तुगीज अर्थ खांद्याचं पातं. एक गेलं तर दुसरं हाताशी हवंच, हे आपल्याला स्वयंपाकघरात कुणी शिकवावं लागत नाही.

डाव दुर्मिळ आहे, पण पोकळ नाही. २००६ साली ३१ डिसेंबरला जपानमधल्या मोठ्या सामन्यात शिन्या आओकी यांनी योआकिम हॅन्सन यांना याच डावानं हरवलं होतं.

घाईची किंमत

आता लेकीची चूक सांगते. शिकायला लागून दोन महिने झाले नाहीत तोच पाय वर का जात नाही म्हणून तिनं दिवाणखान्यात बसून हातानं पाऊल जोरानं ओढलं. गुडघ्यात कळ आली, सूज चढली आणि तीन आठवडे क्लास बंद. शिकवणाऱ्या बाईंनी मग नीट समजावलं, की पाय वळायला हवा खुब्यातून. खुबा आखडलेला असताना पाऊल ओढलं, तर सगळा पीळ गुडघ्यावर जातो, आणि गुडघा काही बाजूला वळण्यासाठी केलेला नाही.

त्या दिवशी मी मॅटच्या कडेला मांडी घालून बसले होते. बाई माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाल्या आणि सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. लेक हसून म्हणाली, 'आई, त्या म्हणतात, खुबे असे मोकळे पाहिजेत!' पासष्टाव्या वर्षी हे प्रशस्तिपत्रक!

दोनदा थोपटलं की पुरे

पण मला सगळ्यांत जास्त भावलं ते थोपटणं. हा डाव थेट श्वासनलिकेवर दाब देतो, त्यामुळे त्यात बाणेदारपणा दाखवून चालत नाही. दुखायच्या आधीच समोरच्याला थोपटायचं, आणि थोपटलं की त्याच क्षणी सोडायचं. का, कशाला, एवढ्यात काय झालं, असं कुणी विचारत नाही. लेक म्हणाली, 'आई, सुरुवातीचे सहा महिने मी फक्त थोपटतच होते. पण दर वेळी समोरचा थांबला. आता खाली असले तरी मला घुसमटल्यासारखं होत नाही.'

मी काही बोलले नाही. 'पुरे' म्हटल्याबरोबर समोरचं माणूस थांबलं, असं माझ्या आयुष्यात किती वेळा घडलं, ते मनातल्या मनात मोजत बसले.

मुलीला, सुनेला किंवा स्वतःला घालायचं असेल तर

* आधी एक दिवस नुसतं बघून या. थोपटल्यावर लगेच सोडतात का, आणि शिक्षक सरावावर लक्ष ठेवतात का, हे पाहा.
* मॅट रोज पुसतात का, विचारा. नखं कापलेली हवीत. बांगड्या, अंगठी, मंगळसूत्र घरी किंवा डबीत.
* खुब्यांसाठी रोज दहा मिनिटं पुरे: मांडी घालून बसणं, तळवे जुळवून गुडघे बाजूला सोडणं, उताणं पडून एक घोटा दुसऱ्या मांडीवर ठेवून ती मांडी छातीकडे घेणं. गुडघ्यात कळ आली की थांबायचं. आधीचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारूनच.
* गळ्याचे डाव शिक्षकांशिवाय घरी कुणावरही करू नयेत. यजमानांवर तर नाहीच नाही!

परत आल्यावर विहीणबाई भेटायला आल्या. चहा पिता पिता म्हणाल्या, 'काय हो, सोमवारी-गुरुवारी फोन केला की मुलगाच उचलतो. सूनबाई जाते तरी कुठे?' मी लेकीला दिलेला शब्द मोडला. सगळं सांगितलं, अगदी अस्वलासकट. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग कप खाली ठेवून म्हणाल्या, 'गुडघा बरा आहे ना आता तिचा?' आणि जरा वेळानं, 'मलाही दाखवा बघू ते मांडीवर घोटा ठेवायचं. माझ्या कमरेला बरं वाटेल कदाचित.'

सतरंजी घातली आणि आम्ही दोघी विहिणी उताण्या पडलो.