माटवी खालून बघायची असते

बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात १९७६ पासून वसंत ऋतूत 'आर्ट इन ब्लूम' नावाचे प्रदर्शन भरते. बागप्रेमी मंडळांचे सभासद संग्रहालयातले एकेक चित्र किंवा शिल्प घेतात आणि त्याच्या शेजारी ताज्या फुलांची रचना उभी करतात. चारदोन दिवसांत फुले निघतात, चित्र भिंतीवर राहते. सॅन फ्रान्सिस्कोच्या डी यंग संग्रहालयातही १९८४ पासून अशीच प्रथा आहे. यात नक्कल कमी प्रतीची मानतात. कमळाच्या चित्राशेजारी कमळ ठेवणे फार सोपे. चित्रातली रेघ कुठे वळते, रंगाचा भार कोणत्या बाजूला आहे, कुठली जागा मोकळी सोडली आहे, हे फुलापानांतून सांगायचे असते. संग्रहालयाला धास्ती असते ती दोनच गोष्टींची, सांडणारे पाणी आणि फुलांतून येणारे किडे.

मी बॉस्टनला गेलेलो नाही. या प्रदर्शनांची छायाचित्रे पाहताना मला आमच्या मालवणकडच्या चवथीची माटवी आठवत राहिली.

माटवी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर छताला टांगलेली लाकडी पट्ट्यांची चौकट. तिला आंब्याचे टाळे, नारळ, सुपारीची शिपटी, कवंडळे, कांगणे, तेरडा, हरणाची फुले, शेरवडाची पांढरी पाने असा रानातला ऐवज बांधतात. शेरवडाचे हे 'पान' वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने फुलाचेच एक निदल. ते मोठे होऊन पांढरे पडते, आणि पाकळीपेक्षा चिवट असल्याने टिकते. बांधायला पूर्वी केवणीच्या, म्हणजे मुरुडशेंगेच्या, सालीचे दोर असत. आता सुतळी, क्वचित तार. बाजारात 'माटवीचे सामान' म्हणून सगळे एकत्र मिळते. घ्यायला सोयीचे, पण कवंडळाचा वेल कुठल्या गडग्यावर चढलेला असतो हे विकत घेणाऱ्याला कळायचे कारण उरत नाही.

गोव्यात हिलाच माटोळी म्हणतात. तिथे सरकारचे कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धा घेते आणि परीक्षक घरोघर जातात. बॉस्टनच्या सर्वांत जवळ जाणारा आपल्याकडचा प्रकार हाच, कारण स्पर्धेतल्या बऱ्याच माटोळ्या चित्रे झाल्या आहेत. फोंडा तालुक्यातल्या एका घरी मी शेषशायी विष्णू पाहिला. शेषाची खवले सुपाऱ्यांची होती आणि प्रत्येक फळाला नावाची चिठ्ठी बांधलेली होती. मांडणी कॅलेंडरावरच्या विष्णूची, जिन्नस डोंगरातले. घरच्यांनी आठ-दहा दिवस रान पालथे घातले होते. मी अर्धा तास तिथून हललो नाही. निघताना मात्र लक्षात आले की ही माटोळी गणपतीच्या वर नव्हती, मागे होती. पडद्यासारखी उभी.

परतल्यावर वाडीतल्या एका आजींना फोटो दाखवला. त्यांनी कौतुक केले आणि म्हणाल्या, "बरा केल्यानी. पण माटवी खालसून बघूची."

हे वाक्य मला संशोधनाच्या चार पुस्तकांहून उपयोगी पडले. माटवीला पुढची बाजू नसते. आरतीला उभ्या माणसाला ती मान वर केल्यावर दिसते, समईच्या उजेडात, तळाकडून. म्हणून जड फळे खाली लोंबतात आणि पालव्याचा हिरवा रंग वर सावलीसारखा राहतो. शिवाय ती रोज बदलते. आंब्याची पाने मुरडतात, तेरडा दुसऱ्याच दिवशी मान टाकतो, आणि हिरवी बांधलेली कवंडळे काही घरांत विसर्जनापर्यंत लालभडक होतात. दीड दिवसाच्या गणपतीची माटवी आणि अकरा दिवसांची, या रंगाने दोन वेगळ्या वस्तू.

मग आपल्याकडे चित्राशेजारी फुले मांडायची झाली तर कशी मांडावीत? मनात पहिले नाव आले पिंगुळीचे. कुडाळजवळच्या या गावात परशुराम गंगावणे यांनी गोठ्याच्या जागेत ठाकर आदिवासी कला आंगण हे संग्रहालय उभे केले. त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथल्या चित्रकथीच्या पोथ्या म्हणजे रामायण-महाभारतातल्या प्रसंगांचे सुटे कागद, पाठीला पाठ चिकटवलेले. कथेकरी गात गात एकेक चित्र समोर धरी आणि प्रसंग संपला की खाली ठेवी. ते चित्र भिंतीसाठी नव्हतेच. बघणाऱ्याच्या वाट्याला ते गाण्याच्या काही कडव्यांपुरतेच येई. त्याच्याशेजारी फुलदाणी ठेवली तर रंग जुळतील, मोठ्या डोळ्यांची ती ठसठशीत रेघही शिपट्यांनी पकडता येईल, पण त्याचे येणे-जाणे हातून निसटेल. चित्र कसे बघितले जाते, हेही फुलांनी उचलले पाहिजे. मला तर वाटते, रात्री माटवीखाली बसून पोथी उलगडावी, तेवढे पुरे.

स्पर्धेला मी नावे ठेवत नाही. महाराष्ट्रात २०१८ मध्ये थर्माकोलच्या मखरांवर बंदी आली, तरी प्लास्टिकच्या वेली काही घरांतून गेल्या नाहीत. गोव्यात मुलांना फळांची नावे येतात, ती या स्पर्धेमुळे. खटकते ते जिनसांच्या संख्येचे वेड. प्रकार जितके जास्त तितकी वाहवा, असे झाले की दुर्मीळ वेलीचे एकुलते फळही चिठ्ठी लावायला तोडले जाते, आणि पुढच्या वर्षी तिथे वेल असेलच असे नाही. आमच्याकडे कधी अशी स्पर्धा निघाली तर गुण जिनसांच्या संख्येला देऊ नयेत. जिन्नस कुठून आणला आणि मागे किती ठेवला, हे विचारावे.

यंदा विसर्जनानंतर आमच्या माटवीची कवंडळे मी पाण्यात जाऊ दिली नाहीत. फळ कडू, खायच्या कामाचे नाही, म्हणून घरात कोणी हरकत घेतली नाही. बिया काढून मागच्या गडग्यालगत टाकल्या आहेत. पावसात किती रुजतात ते बघायचे.