स्वरांचे रंग आणि बडोद्याचा धडा

मैफल ‘रंगते’, गवई रागात ‘रंग भरतो’, नाटक ‘रंगभूमी’वर होते, इतकेच नव्हे, तर ‘राग’ या शब्दाच्या मुळाशीही रंगविणे हाच अर्थ असलेला ‘रंज्’ धातू आहे. गायनक्रियेच्या स्थायी, आरोही, अवरोही आणि संचारी या चार प्रकारांना आपल्या शास्त्रकारांनी नाव दिले तेही ‘वर्ण’ असेच. कान आणि डोळा यांच्यामध्ये आपल्या भाषेने भिंत घातली नाही. ती घातली आपल्या शाळांनी, आपल्या अभ्यासक्रमांनी आणि वेळापत्रकांनी. या भिंतीविषयी आज चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

बडोद्याचे प्रतापनगर स्थानक एके काळी गायकवाडी मुलखातील नॅरोगेज गाड्यांसाठी ओळखले जाई. २०२१ साली तेथून केवडियाचा नवा लोहमार्ग सुरू झाला आणि सरदार पटेलांचा भव्य पुतळा पाहावयास निघालेल्या प्रवाशांची तेथे वर्दळ वाढली. यांपैकी फार थोड्यांची पावले सुरसागर तलावाच्या काठाकडे वळत असतील. तेथे गायनशाळेची परंपरा सांगणारी संस्था उभी आहे. १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी ही गायनशाळा सुरू केली. चारच वर्षांनी, १८९० मध्ये, त्याच नगरीत कलाभवन निघाले आणि दादासाहेब फाळक्यांनी तेथे शिक्षण घेतले. १९१६ साली पं. भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तीही बडोद्यासच. १९५० मध्ये विद्यापीठाचा ललितकला विभाग सुरू झाला व नारायण श्रीधर बेंद्रे यांच्यासारख्या मराठी चित्रकाराने तेथे एक पिढी घडविली. एका मराठी राजाने दूरदृष्टीने जोपासलेल्या या नगरीत स्वर आणि रंग असे शेजारी नांदले.

या शेजाराचे एक दूरवर पोहोचलेले फळ म्हणजे इनायत खान. मौलाबक्षांचा हा नातू बडोद्यात १८८२ साली जन्मला, आजोबांच्या घरी वाढला, वीणा वाजवू लागला आणि १९१० साली आपले संगीत घेऊन समुद्रापार गेला. नाद आणि वर्ण ही एकाच स्पंदनाची दोन रूपे आहेत, हा विचार त्यांच्या प्रवचनांतून पुन्हा पुन्हा आढळतो. पुढे त्यांनी मैफलीचे वादन सोडले आणि सूफी उपदेशाला वाहून घेतले. त्यांची कन्या नूर १९१४ च्या पहिल्या दिवशी मॉस्कोत जन्मली. नाझी राजवटीविरुद्ध गुप्तपणे काम करताना ती पकडली गेली आणि १९४४ साली दाखाउच्या छावणीत तिने मृत्यू पत्करला. स्वातंत्र्याचे मोल जाणणाऱ्या कोणाही भारतीयाने या बडोदेकर घराण्याचे स्मरण ठेवावयास हवे.

याच मॉस्कोच्या मुक्कामात इनायत खानांची भेट अलेक्झांडर स्क्रियाबिन या रशियन संगीतकाराशी झाली. ही भेट अर्थपूर्ण अशासाठी की, स्क्रियाबिनला संगीतातील प्रत्येक पट्टी विशिष्ट रंगाची भासे. १९१० मध्ये पूर्ण केलेल्या ‘प्रोमिथियस’ या रचनेच्या स्वरलिपीत त्याने वाद्यांच्या ओळींबरोबर प्रकाशाचीही एक ओळ लिहिली होती. संगीत चालू असता सभागृह त्या त्या रंगाने उजळावे, अशी त्याची कल्पना होती. १९११ साली मॉस्कोत ही रचना प्रकाशावाचूनच सादर झाली. रंगांसह ती १९१५ मध्ये न्यूयॉर्कला झाली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत संगीतकार निवर्तला. हिमालयाच्या पायथ्याशी नाद, रंग, गंध, नृत्य यांचा एकच महोत्सव करावा, हे त्याचे स्वप्न अपुरेच राहिले.

येथे चिकित्सक वाचक विचारील, की स्वरांचे हे रंग खरे की कविकल्पना? प्रश्न रास्त आहे. स्क्रियाबिनचा ज्येष्ठ देशबांधव रिम्स्की-कोर्साकोव्ह यालाही स्वरांचे रंग जाणवत. परंतु ‘सी’ ही पट्टी एकास तांबडी वाटे, तर दुसऱ्यास पांढरी. ‘डी’ पट्टी पिवळी, यावर मात्र दोघांचे एकमत होते. स्क्रियाबिनची रंगयोजना इतकी आखीव आहे, की ती अनुभवापेक्षा सिद्धान्तातून अधिक आली असावी, असा संशय अनेक अभ्यासकांनी व्यक्त केला आहे. तो आम्हांस ग्राह्य वाटतो.

परंतु मूळ अनुभव खोटा नाही. एका इंद्रियास चेतना मिळताच दुसऱ्या इंद्रियाचा अनुभव आपोआप जागा व्हावा, या अवस्थेस सहसंवेदन म्हणता येईल. कोणास अक्षरे रंगीत दिसतात, कोणास आवाज. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८० च्या सुमारास अशा व्यक्तींची नोंद केली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत शंभरांपैकी सुमारे चार माणसांत या ना त्या प्रकारचे सहसंवेदन आढळले. ते बहुधा बालपणापासून असते, एकाच कुटुंबात अनेकांना असू शकते, आणि आज निळा भासलेला स्वर वर्षानुवर्षे निळाच भासतो. हा आजार नव्हे, की दैवी साक्षात्कारही नव्हे. हवेतील कंप आणि प्रकाशाच्या लहरी या पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने वेगळ्याच गोष्टी आहेत. त्यांची गाठ पडते ती मेंदूत. इनायत खानांच्या स्पंदनविचाराचे मोल आध्यात्मिक आहे. ते प्रयोगशाळेच्या तराजूत घालू नये.

या अनुभवाचे संगीतात सोने कसे होते, हे पाहावयाचे तर ऑलिव्हिए मेसियाँ या फ्रेंच संगीतकाराकडे वळावे लागेल. १९०८ साली जन्मलेल्या मेसियाँने पॅरिसच्या एका चर्चमध्ये १९३१ पासून साठ वर्षे ऑर्गन वाजविला. बालपणी चर्चच्या खिडक्यांतील रंगीत काचा पाहून तो दिपून गेला आणि ती दीप्ती त्याच्या रचनांतून कधी मावळली नाही. रोबेर दलोने या चित्रकाराची वर्तुळाकार रंगचित्रे त्याला जवळची वाटत. विशिष्ट स्वरसमूह ऐकला वा नुसता वाचला, तरी त्याच्या मनापुढे रंगांचे पट्टे उभे राहत. १९६३ सालच्या स्वर्गीय नगरीवरील रचनेत तर त्याने स्वरलिपीवर रंगांची नावेच लिहून ठेवली. मात्र श्रोत्यांवर दिव्यांचा झोत सोडण्याच्या भरीस तो पडला नाही. रंग त्याने स्वरांची निवड, वाद्यांची जुळणी आणि काळाची मांडणी यांतूनच ऐकविले. प्रतिभेची कसोटी येथे लागते. सहसंवेदन हे निसर्गाचे देणे. त्यापासून कलाकृती घडविणे हे साधनेचे काम.

आणि आता मराठी वाचकास अभिमान वाटावा अशी गोष्ट. मेसियाँने आपल्या लयविचारासाठी ज्या भारतीय तालांचा आयुष्यभर आधार घेतला, ते १२० देशी ताल शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’तील होत. एका फ्रेंच संगीतकोशातील कोष्टकातून ते त्याच्या हाती आले. १९४९ साली बोस्टनमध्ये प्रथम वाजविलेल्या त्याच्या ‘तुरंगलीला’ या महारचनेचे नावच मुळी त्या यादीतील एका तालाचे आहे. हा ग्रंथ तेराव्या शतकात लिहिला गेला तो देवगिरीस, यादव राजा सिंघणाच्या दरबारी. त्याच ग्रंथात षड्जाचा वर्ण लाल कमळासारखा, गांधाराचा सोन्यासारखा, मध्यमाचा कुंदफुलासारखा शुभ्र आणि पंचमाचा काळा सांगितला आहे! भरताच्या नाट्यशास्त्रातही रौद्राला तांबडा, हास्याला पांढरा, अद्भुताला पिवळा असे रंग नेमून दिलेले आहेत.

‘आमच्याकडे हे सारे आधीच होते,’ असे म्हणून पाठ थोपटून घेण्याचा मोह येथे होईल, तो आवरावा. शार्ङ्गदेवाचे रंग हा शास्त्राने ठरविलेला, सर्वांनी मानावयाचा संकेत आहे. मेसियाँचे रंग हा एका माणसाचा खाजगी अनुभव आहे. दोन्ही एक नव्हेत. परंतु स्वराला वर्ण असू शकतो, हे आपल्या परंपरेने वेडगळ मानले नाही, एवढे खरे. दख्खनच्या व राजस्थानच्या चित्रकारांनी रागमाला रंगविल्या त्या याच मोकळेपणातून.

आपल्या किनाऱ्यावरही हे नवे नाही. देवळाच्या भिंतीवर कावी कलेची तांबडी वेलबुट्टी आणि वर चौघडा, अशा वातावरणात येथील कलावंतांच्या पिढ्या वाढल्या. मोगूबाई, केसरबाई, दीनानाथ या भूमीने दिले. गोमंतकीय कुळातील वासुदेव गायतोंडे यांनी रंगांतून जे मौन उभे केले, त्याला संगीताच्या ओढीची साथ होती. हे सारे असता आमच्या मुलांना मात्र चित्रकला आणि संगीत यांचे तास वेगळे, शिक्षक वेगळे, आणि परीक्षा जवळ आली की दोन्ही तास गणितासाठी जातात.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात कलांचा इतर विषयांशी समन्वय साधण्याची भाषा आहे. कलांचा कलांशी समन्वय साधावयास तर त्याहून कमी खर्च येईल. संगीताच्या तासाला मुलांनी ऐकलेले कागदावर रंगवावे आणि चित्रकलेच्या तासाला पाहिलेले गुणगुणावे, एवढ्यासाठी नवी इमारत लागत नाही. पणजीत कला महाविद्यालय आहे आणि संगीत महाविद्यालयही आहे. दोहोंच्या विद्यार्थ्यांनी वर्षातून काही दिवस एकत्र काम करावे, अशी योजना सरकारने आणि कला अकादमीने आखावी. बडोद्यात जे एका राजाच्या इच्छेने घडले, ते लोकशाहीत लोकांच्या आग्रहाने घडावयास हरकत नाही.

शिक्षकांस आमचे सांगणे याहून साधे आहे. शंभरांत चार हे प्रमाण धरले, तर चारशे मुलांच्या शाळेत अशी पंधरा-सोळा मुले असावयाची. त्यांतील एखादी मुलगी उद्या म्हणाली, की मला हा ‘नी’ जांभळा दिसतो, तर वर्गाला हसू देऊ नका. तिच्या हाती रंगपेटी द्या आणि तो ‘नी’ पुन्हा एकदा लावा.