शंकर नगरखालचा चुनखडक आणि रंगाची शेपटी

रायपूरच्या शंकर नगरात शेजारच्या दोन बोअरपैकी एकाला भरपूर पाणी आणि दुसरा कोरडा, असं होऊ शकतं. शहराखाली छत्तीसगढ खोऱ्यातला प्राचीन चुनखडक नि शेल आहे. पाणी फिरतं ते भेगांतून आणि विरघळून झालेल्या पोकळ्यांतून. त्यांचा अंदाज ट्रेसर चाचणीने येतो: एका बोअरमध्ये निरुपद्रवी रंग सोडायचा, दुसऱ्यात तो कधी आणि किती येतो ते मोजायचं. १८७७ साली जर्मनीत डॅन्यूबचं पाणी जमिनीत मुरतं तिथे १० किलो युरेनिन हा रंग टाकला. सुमारे ६० तासांनी तो १२ किलोमीटरवरच्या आखच्या झऱ्यात उगवला.

पण पहिला रंग कधी दिसला एवढ्यावर थांबणं चूक. तो सर्वांत मोकळ्या वाटेचा वेग सांगतो, साठा नाही. साठा कळतो वेळेनुसार येणाऱ्या रंगाच्या पूर्ण आलेखातून, त्याच्या लांबलेल्या शेपटीसकट. समजा, बहुतेक रंग परत आला, पंप ताशी ५ घनमीटर आणि सरासरी प्रवास २० तास. मग रंगाने व्यापलेल्या पोकळ्या साधारण १०० घनमीटर. कुणी म्हणेल, खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत रंग शिरून परतल्यानेही शेपटी लांबते. अगदी बरोबर. म्हणूनच विसरणाचा वेग वेगवेगळा असलेले दोन ट्रेसर एकत्र सोडतात: शेपट्या वेगळ्या पडल्या तर छिद्रांचा परिणाम, जुळल्या तर लहानमोठ्या भेगांचा. गच्चीवरचं पावसाचं पाणी थेट बोअरमध्ये सोडलं तर तेही याच वाटांनी जाईल; म्हणून तसं करण्याआधी भूजलतज्ज्ञाला या चाचणीबद्दल जरूर विचारा.