घरपट्टीची आकारणी व कास्तकार

जमिनीचा सारा किती, हें आपल्या कास्तकार बंधूंपैकीं बहुतेकांस तोंडपाठ असतें. परंतु घरपट्टी कशावर बसते असें विचारलें असतां, ‘पंचायतीनें लावली म्हणून भरतों’ याहून निराळें उत्तर क्वचितच मिळतें. महसुलाचें दप्तर पुष्कळ वर्षें सांभाळल्याच्या संवयीनें आम्ही याविषयीं लिहीत आहों.

ग्रामपंचायतीस हा अधिकार सन १९५८ च्या अधिनियमाच्या कलम १२४ नें आहे. पूर्वीं आकारणी क्षेत्रफळावर होत असे. ती न्यायालयांत टिकली नाहीं, म्हणून ३१ डिसेंबर २०१५ रोजीं नियम बदलून भांडवली मूल्याचा पाया घेण्यांत आला. जागेचा व बांधकामाचा सरकारी दर धरून, घराचें वय व प्रकार पाहून घसारा वजा करावयाचा, वापराप्रमाणें भारांक लावावयाचा, आणि येणाऱ्या किंमतीवर दर हजारीं कांहीं पैसे कर घ्यावयाचा. मेख येथेंच आहे. पन्नास वर्षांचें मातीचें घर नवें पक्कें म्हणून चढलें, किंवा ओसरींतील दुकान मोडूनहि वापर व्यावसायिकच राहिला, तर जास्त कर दरसाल भरावा लागतो. नमुना ८ चा उतारा घेऊन लांबीरुंदी स्वतः ताडून पाहावी. आकारणी दर चार वर्षांनीं नव्यानें होते. त्या वेळीं हरकत मुदतींत व लेखी द्यावी. (कारकून लेखी कागदास जितका भितो तितका तोंडी गाऱ्हाण्यास भीत नाहीं, हें आम्ही अनुभवानें सांगतों.)

कन्हान-पिपरी येथें नगरपरिषद असल्यानें तेथें १९६५ चा अधिनियम लागतो. त्यांत घरास येऊं शकेल अशा वार्षिक भाड्यांतून दुरुस्तीखातर शेंकडा १० वजा करून करयोग्य मूल्य काढण्याची पद्धति आहे. ‘आम्ही बिऱ्हाड ठेवलेंच नाहीं’ ही हरकत तेथें चालत नाहीं. शेजारच्या तशाच घरास काय भाडें धरलें, तें दाखवावें.

घरपट्टीची पावती हाच मालकीचा कागद, असें समजून भाऊ भाऊ भांडतात. वस्तुतः नमुना ८ ही कराची नोंद; तिनें मालकी सिद्ध होत नाहीं. मालगुजारी १९५१ सालीं गेली, तरी गांवठाणांतील कित्येक घरांचा मालकीचा कागद झालाच नव्हता. स्वामित्व योजनेखालीं २०२० पासून ड्रोननें मोजणी करून मिळकतपत्रिका देण्याचें काम सुरू झालें. मोजणीस सर्व भावांनीं हजर राहून भिंती व सामाईक आंगण दाखवावें. बाप वारल्यास वारसांचीं नांवें पंचायतीच्या व भूमि अभिलेखाच्या अशा दोन्ही दप्तरांत चढवावीं. एकांत चढलीं म्हणून दुसऱ्यांत आपोआप चढत नाहींत.