नवेगावबांधचे पाटील

विलायतेतली जमीनदार घराणी वाडे आणि शिकारखाने यांवरून ओळखली जातात. गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधच्या कोहळी समाजातल्या पाटलांनी मागे ठेवला तो तलाव.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांमधल्या खिंडी मातीच्या पाळींनी अडवल्या, असं मानलं जातं. मोजकी पाळ आणि बाकी सगळा डोंगर! जमिनीचा उतार नेमका ओळखणारी ही नजर थक्क करते. इंग्रज गॅझेटियरकारांनी या पाण्याचा घेर 17 मैल नोंदवला. त्यावर धान पिकलं, ऊस पिकला. भोवतीच्या सात शिखरांना लोक सात बहिणी म्हणतात, आणि खुद्द कोलू पाटील कोलासूर देव होऊन काठावर बसले आहेत.

1951 मध्ये मालगुजारी, म्हणजे सारावसुलीसह गावावर असलेली जमीनदारी, संपली.

घराण्याचे वंशज म्हणून ओळखले जाणारे माधवराव पाटील डोंगरवार मात्र जंगल आणि पाखरं यांचे जाणकार झाले. वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांना इथलं रान समजलं, त्यात माधवरावांचा वाटा मोठा. चितमपल्लींच्या लेखनातून ते मराठी वाचकांच्या घरोघरी पोहोचले. 1975 मध्ये इथं राष्ट्रीय उद्यान झालं. 2013 मध्ये ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आलं.