परमुलखात पाऊल ठेवण्यापूर्वी

राजूरच्या गणपतीला किंवा समर्थ रामदासांच्या जांब या जन्मगावी परगावचा पाहुणा आला आणि त्याच्या हातून एखादी चूक घडली, तर गावकरी ती बहुधा पोटात घालतात. ‘नवखा आहे, ठाऊक नसेल’, असे म्हणून कोणी तरी त्याला पादत्राणे कोठे काढायची, रांग कोठून सुरू होते, हे सांगते. मात्र सांगूनही तो पायातल्या बुटांसह सभामंडपात शिरला, तर तेथे क्षमेची भाषा संपते. यजमान या नात्याने आपल्याला हा फरक अचूक कळतो. आपणच पाहुणे होऊन दुसऱ्या देशात जातो, तेव्हा मात्र त्याचा सोयीस्कर विसर पडतो.

‘जालना सोने का पालना’ ही जुनी म्हण ज्या व्यापारी शहराविषयी रूढ झाली, तेथून परदेशी जाणे आता नवलाईचे राहिलेले नाही. बियाणे आणि खतांच्या विक्रेत्यांना कंपन्यांकडून बँकॉक, दुबईच्या सहली मिळतात. मुलगा किंवा मुलगी ऑस्ट्रेलियात, अमेरिकेत असलेले आईवडील सहा-सहा महिने तिकडे राहून येतात. हज आणि उमऱ्यासाठी भाविक मक्का-मदिनेला जातात, तर बौद्ध उपासक श्रीलंका आणि थायलंडमधील विहारांचे दर्शन घेतात. यांतील बहुतेकांची तयारी व्हिसा, तिकीट, विमा आणि परकीय चलन एवढ्यावर संपते. जेथे जायचे तेथील कायदा आणि रीतिरिवाज हा विषय ‘तिथे गेल्यावर कळेलच’ म्हणून सोडून दिला जातो.

कायदा कोणाचा लागू?

ज्या भूमीवर आपण उभे आहोत, तेथील कायदा आपल्याला लागू होतो, हे यातील मूळ तत्त्व. पारपत्र भारताचे असले तरी भारतीय कायदा प्रवाशासोबत ढालीसारखा जात नाही. आपल्याकडे जे खुलेआम विकले जाते, ते दुसरीकडे तुरुंगात नेऊ शकते आणि ‘मला माहीत नव्हते’ हा बचाव जगातील फारच थोडी न्यायालये मान्य करतात. रिवाजाचे तसे नाही. तो मोडल्यास दंड होईलच असे नाही. पण मन दुखावते आणि काही देशांत रिवाजाच्या पाठीशी कायदाही उभा असतो. नेमके कोणते काय, हे निघण्यापूर्वीच जाणून घ्यायला हवे.

बॅगेतील अपराध

सर्वांत मोठा धोका बॅगेत असतो आणि तो बहुधा प्रेमापोटी भरलेला असतो. दिवाळीचे अनारसे खसखशीवर थापले जातात, मसाल्यात आणि लाडवांतही खसखस पडते. ज्या झाडापासून अफू मिळते त्याच झाडाचे हे बी असून त्यावर अफूतील मॉर्फिनचे अंश राहू शकतात. त्यामुळे सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेण्यास मनाई आहे. लेकीच्या घरी पाठवलेली पुडी तेथे अमली पदार्थ ठरू शकते.

औषधांचेही तसेच. कोडीनयुक्त खोकल्याचे औषध किंवा ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामक गोळी अमिरातीत नियंत्रित औषधांमध्ये मोडते. ती नेण्यासाठी तेथील शासनाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. औषधे मूळ वेष्टनात ठेवणे आणि डॉक्टरांची इंग्रजीतील चिठ्ठी जवळ बाळगणे, ही काळजी कोणत्याही देशात उपयोगी पडते. गुटखा आणि चघळण्याची तंबाखू सिंगापूरला नेता येत नाही. ई-सिगारेटवर भारताने 2019 मध्ये बंदी घातली. सिंगापूर आणि थायलंडमध्येही ती बेकायदा आहे.

जालनेकरांनी आणखी एका बाबतीत विशेष सावध असावे. हा जिल्हा बियाण्यांचा आणि मोसंबीचा. मुलाच्या परसबागेसाठी मेथी-भेंडीचे बी किंवा भौगोलिक मानांकन लाभलेल्या आपल्या मोसंबीची चार फळे नेण्याचा मोह स्वाभाविक आहे. परंतु बियाणे आणि ताजी फळे यांच्यासोबत कीड व रोग सीमा ओलांडतात, म्हणून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडसारखे शेतीप्रधान देश याबाबत अतिशय कठोर आहेत. विमानात भरून घेतल्या जाणाऱ्या पत्रकावर खाद्यपदार्थ, बियाणे यांची नोंद न केल्यास जागेवरच दंड होतो. गंभीर प्रकरणांत व्हिसा रद्द करून परत पाठवण्याचा अधिकार ऑस्ट्रेलियाने 2019 पासून वापरण्यास सुरुवात केली आहे. वस्तू जवळ असणे हा नेहमीच गुन्हा नसतो. ती लपवणे हा असतो. शंका आल्यास नोंद करावी, फार तर अधिकारी ती वस्तू काढून घेतील. हा नियम उलट दिशेनेही लागू आहे. परदेशातून आवडीने आणलेले बी भारतात आणण्यासाठीही 2003 च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार परवाना आणि रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते.

दुसऱ्याचे सामान नेण्याचा प्रश्न तर याहून गंभीर. 2019 मध्ये मुंबईतील एक तरुण दाम्पत्य कतारला सहलीसाठी गेले. नात्यातील एका महिलेने दिलेले पुडके त्यांच्या सामानात होते. दोहा विमानतळावर त्यातून सुमारे 4 किलो चरस निघाले आणि दोघांना प्रत्येकी 10 वर्षांची शिक्षा झाली. पत्नी गरोदर होती. मुलीचा जन्म तुरुंगातच झाला. भारतातील अमली पदार्थ नियंत्रण विभागाच्या तपासातून त्यांची फसवणूक झाल्याचे पुढे आले, कतारमधील न्यायालयाने पुन्हा सुनावणी केली आणि 2021 मध्ये ते निर्दोष सुटून मायदेशी परतले. निरपराध असूनही जवळपास दोन वर्षे गेली. ‘एवढे पुडके तेवढे घेऊन जा’ या विनंतीला, ती आत्याकडून आली तरी, नकार देण्यात कसलाही उद्धटपणा नाही.

रस्त्यावरची शिस्त

सिंगापुरात रस्त्यावर थुंकणे, कचरा टाकणे यासाठी दंड होतो. तेथील मेट्रोत खाणे-पिणेही दंडनीय आहे. दुबईच्या मेट्रोतही तोच नियम आहे. लंडनच्या ब्रेंट भागात पान खाऊन थुंकण्याविरुद्ध नगर प्रशासनाला खास मोहीम हाती घ्यावी लागली. ती वाचताना भारतीय माणसाची मान खाली जाते.

अमिरातीत संमतीविना दुसऱ्या व्यक्तीचे छायाचित्र काढून प्रसृत करणे गुन्हा ठरतो. व्हॉट्सअॅपवर पाठवलेली शिवीही तेथे न्यायालयात पोहोचू शकते. थायलंडमध्ये राजघराण्याचा अवमान हा दंडसंहितेच्या 112 व्या कलमाखाली 3 ते 15 वर्षांच्या कैदेचा अपराध आहे. नोटेवर राजाचे चित्र असल्याने वाऱ्याने उडालेली नोट पायाने दाबून धरणेही तेथे अनुचित मानतात. सहलीच्या बसमध्ये त्या विषयावर विनोद करण्यापूर्वी हे आठवावे.

बालीचे उदाहरण तर मराठी माणसाला विशेष जवळचे वाटावे. तेथे शक संवत्सराचा नववर्षदिन ‘न्येपी’ म्हणून पाळला जातो. शालिवाहन शकाची परंपरा ज्या पैठणशी जोडली जाते, ते जालन्याच्या शेजारच्याच जिल्ह्यात. आपण पाडव्याला गुढ्या उभारून मिरवणुका काढतो. बालीत मात्र बहुधा मार्च महिन्यात येणाऱ्या त्या दिवशी पूर्ण मौन असते. विमानतळ 24 तास बंद राहतो, रस्ते ओस पडतात आणि पर्यटकांनाही हॉटेलबाहेर पडता येत नाही. सहल आखताना हा दिवस न पाहणाऱ्याचे वेळापत्रक कोलमडते आणि दोष मात्र तो बालीला देतो.

श्रद्धेची जागा

2019 च्या ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रातील एक मोटारसायकलस्वार भूतानमधील दोचुला खिंडीतील छोर्तेनवर, म्हणजे स्तूपावर, चढला. त्याचे छायाचित्र समाजमाध्यमांवर पसरताच भूतानमध्ये संताप उसळला आणि पोलिसांनी त्याला ताब्यात घेऊन चौकशी केली. त्याला तो एक सुंदर देखावा वाटला असेल. तेथील लोकांसाठी ते पूजास्थान होते. श्रीलंकेत बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढून घेणे अवमानकारक समजतात. 2014 मध्ये दंडावर बुद्धाचे गोंदण असलेल्या एका ब्रिटिश महिलेला तेथून परत पाठवण्यात आले होते. थायलंडमधून बुद्धमूर्ती बाहेर नेण्यास तेथील ललित कला विभागाचा परवाना लागतो. मूर्तीच्या दिशेने पाय पसरून बसू नये, लहान मुलाच्याही डोक्याला हात लावू नये आणि स्त्रियांनी भिक्खूंना स्पर्श करू नये, हे तेथील संकेत आहेत.

कधी कधी आपलेच पवित्र चिन्ह दुसऱ्याला जखमेसारखे दिसते. नाझी राजवटीमुळे स्वस्तिकाच्या आकृतीबद्दल युरोपात भीती आणि चीड आहे आणि जर्मनीत नाझी चिन्हांचे प्रदर्शन गुन्हा आहे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने 2022 मध्ये असाच कायदा करताना हिंदू, बौद्ध आणि जैनांच्या धार्मिक वापराला सूट दिली. कायद्याला हा भेद समजला, तरी रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला तो समजेलच असे नाही. बॅगेवर कुंकवाचे स्वस्तिक काढण्यापूर्वी एवढा विचार करण्यात श्रद्धेची हानी नाही.

ऐकीव माहिती नको

जाऊन आलेल्यांच्या सांगण्यावर विसंबणेही धोक्याचे, कारण कायदे बदलतात. भूतानने 2004 मध्ये तंबाखूविक्रीवर बंदी आणली, 2010 मध्ये तुरुंगवासाची तरतूद केली आणि 2021 मध्ये ती बंदी उठवली. अमिरातीने 2020 मध्ये अविवाहितांच्या सहवासाचे आणि मद्यपानाचे नियम सैल केले. म्हणून त्या त्या देशाच्या वकिलातीचे आणि सीमाशुल्क खात्याचे संकेतस्थळ निघण्यापूर्वी पाहावे. सहल कंपनीलाही हे प्रश्न विचारावेत.

तरीही अडचण आलीच तर? 1963 च्या व्हिएन्ना करारातील 36 व्या कलमानुसार, अटक झालेल्या परदेशी व्यक्तीने इच्छा व्यक्त केल्यास तिच्या देशाच्या वकिलातीस कळवणे यजमान देशावर बंधनकारक आहे. हा हक्क शांतपणे मागावा आणि न समजणाऱ्या भाषेतील कागदावर सही करू नये. भारतीय दूतावास भेटू शकतो, वकिलांची यादी देऊ शकतो, घरच्यांना कळवू शकतो. परराष्ट्र मंत्रालयाने 2015 मध्ये अशा तक्रारींसाठी ‘मदद’ हे पोर्टलही सुरू केले. मात्र दूतावास कोणाला तुरुंगातून सोडवून आणू शकत नाही किंवा तेथील न्यायालयाचा निकाल फिरवू शकत नाही.

परक्या देशाचा प्रत्येक नियम आपल्याला पटलाच पाहिजे असे नाही. पण तो पाळणे हे पाहुण्याचे कर्तव्य आहे. ‘देश तसा वेश’ असे सांगताना आपल्या पूर्वजांच्या मनात केवळ कपडे नसावेत. जांबच्या मंदिरात परक्या पाहुण्याने जसे वागावे असे आपल्याला वाटते, तसे आपण त्याच्या दारी वागलो, तर बहुतेक संकटे विमानतळावरच टळतील.